एक वेदना, दोन न्यायालये : मायकल जॅक्सन खटल्यांतील वैद्यकीय साक्षी (थ्रेड)

१. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईतील अंधेरी क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. आपल्या आधीच्या पिढीतील अनेकांच्या आठवणीत तो अजून ताजा आहे. मंचावर नाचणाऱ्या त्या देहाचा वैद्यकीय इतिहास पुढे लॉस एंजेलिसच्या न्यायालयांत शपथेवर सांगितला गेला. तो दोनदा सांगितला गेला, दोन निराळ्या हेतूंनी, आणि ज्याचा तो देह होता तो तेव्हा हयात नव्हता.

२. सुरुवात २७ जानेवारी १९८४ ची. लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये पेप्सीच्या जाहिरातीचे चित्रीकरण सुरू असताना शोभेच्या दारूची ठिणगी उडाली आणि जॅक्सनच्या केसांनी पेट घेतला. डोक्याची त्वचा गंभीर भाजली. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. भरपाईचे १५ लाख डॉलर त्याने उपचार करणाऱ्या रुग्णालयाला भाजलेल्या रुग्णांसाठी दिले. जखम भरली, तरी टाळूवरील शस्त्रक्रियांचे प्रकरण तिथे संपले नाही.

३. १९९३ मध्ये टाळूवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने ‘डेंजरस’ दौरा अर्धवट सोडला आणि ध्वनिमुद्रित निवेदनात वेदनाशामकांवर आपण अवलंबून झाल्याची कबुली दिली. त्याच सुमारास त्याच्यावर बाललैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता. त्यामुळे ही कबुली म्हणजे चौकशी टाळण्याचा बहाणा आहे, असेही अनेकांनी म्हटले. वेदनेचे कथन आणि त्यावरचा संशय, दोन्ही एकदमच जन्माला आले, हे लक्षात ठेवावे.

४. २५ जून २००९ रोजी जॅक्सनचा मृत्यू झाला. लंडनमधील ५० कार्यक्रमांची मालिका तोंडावर आली होती. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण प्रोपोफॉल या भूल देणाऱ्या औषधाची तीव्र विषबाधा असे नोंदले गेले. खासगी डॉक्टर कॉनराड मरे यांनी पोलिसांना सांगितले की, झोप यावी म्हणून सुमारे दोन महिने ते जवळजवळ रोज रात्री हे औषध देत होते. येथे एक भेद महत्त्वाचा आहे : प्रोपोफॉल हे वेदनाशामक नव्हे. ते दिले जात होते निद्रानाशावर.

५. मग वेदनेचा प्रश्न खटल्यात आला कसा? २०११ मध्ये मरे यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. सरकारी पक्षाची मांडणी सरळ होती : शयनकक्षात, पुरेशा उपकरणांविना भूल देणे हाच घोर निष्काळजीपणा. रुग्णाचा पूर्वेतिहास जितका कमी निघेल तितके हे चित्र स्पष्ट राहणार होते. बचाव पक्षाला नेमका तोच इतिहास हवा होता.

६. जॅक्सन त्वचारोगतज्ज्ञ अर्नोल्ड क्लाइन यांच्याकडे जात असे. तेथे त्याला डेमेरॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक दिले जाई. बचाव पक्षाने व्यसनतज्ज्ञ रॉबर्ट वॉल्डमन यांना साक्षीला आणले. क्लाइन यांच्या नोंदी पाहून त्यांनी डेमेरॉलवरील अवलंबित्वाची शक्यता मांडली. हे औषध तुटल्यास निद्रानाश होतो आणि मरे यांना त्याचे मूळ ठाऊक नव्हते, असा बचावाचा रोख होता. क्लाइन यांना स्वतः साक्षीला बोलावण्यास मात्र न्यायालयाने परवानगी दिली नाही. शवविच्छेदनात डेमेरॉल आढळले नव्हते.

७. त्या खटल्यात मृताचा आवाज एकदा ऐकू आला. १० मे २००९ चे ध्वनिमुद्रण मरे यांच्या फोनमध्ये सापडले होते. सरकारी पक्षाने ते ऐकवले. शब्द जड, अडखळणारे. जॅक्सन बोलत होता तो आजारी मुलांसाठी रुग्णालय उभारण्याविषयी आणि त्या मुलांच्या वेदनेविषयी. स्वतःच्या वेदनेवर त्याची साक्ष कोणत्याही न्यायालयाला मिळणार नव्हती. ७ नोव्हेंबरला मरे दोषी ठरले आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

८. दुसरा खटला २०१३ चा, दिवाणी. जॅक्सनची आई कॅथरीन यांनी कार्यक्रमांची आयोजक कंपनी एईजी लाइव्हवर दावा लावला : अपात्र डॉक्टर नेमून त्याच्यावर देखरेख न ठेवल्याचा. आता पारडे फिरले. जॅक्सनने औषधांचे सेवन वर्षानुवर्षे लपवले, त्यामुळे कंपनीला काही कळणे शक्य नव्हते, आणि तो तसाही दीर्घायुषी ठरला नसता, ही आता कंपनीची बाजू होती.

९. कंपनीने साक्षीला बोलावले ते त्याची माजी पत्नी डेबी रो यांना. त्या पूर्वी क्लाइन यांच्याकडे काम करत. जॅक्सनला वेदनेची विलक्षण भीती वाटे आणि ख्यातनाम डॉक्टर त्याला अधिकाधिक प्रभावी वेदनाशामक देण्याच्या चढाओढीत असत, असे त्यांनी सांगितले. १९९७ मध्ये म्युनिकच्या हॉटेलात दोन जर्मन डॉक्टरांनी त्याला झोपेसाठी प्रोपोफॉल दिल्याचेही त्यांनी सांगितले. साक्ष कंपनीच्या उपयोगाची होती. पण तीतून दोषी दिसू लागले ते डॉक्टर!

१०. आणखी एक धागा. फ्लोरिडातील एका डॉक्टरांच्या चित्रमुद्रित जबानीनुसार, २००२-०३ च्या सुमारास जॅक्सनने शरीरात नाल्ट्रेक्सोनचे रोपण करवून घेतले होते. या औषधाने अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखला जातो. मात्र भूल देणाऱ्या डेव्हिड फूर्निये यांनी सांगितले की, जॅक्सनने ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती. एकाच रोपणातून दोन माणसे दिसतात : एक सुटू पाहणारा, दुसरा लपवणारा. दोन्ही खरी असू शकतात.

११. तज्ज्ञांच्या साक्षींत खरा वाद शब्दांचा होता. शरीराला औषधाची सवय होऊन ते तोडल्यावर त्रास होणे, हे अवलंबित्व. दुष्परिणाम दिसत असूनही औषधामागे धावत राहणे, हे व्यसन. दीर्घकाळ वेदनाशामक घेणाऱ्या रुग्णात पहिले सहज आढळते, तेवढ्याने दुसरे सिद्ध होत नाही. कंपनीचे तज्ज्ञ पेत्रोस लेवुनिस यांनी ‘व्यसन’ म्हटले. कुटुंबाच्या बाजूचे सिडनी श्नॉल यांनी वेदना खरी असल्यावर आणि योग्य उपचाराने आयुष्य सुरळीत राहू शकले असते यावर भर दिला.

१२. २ ऑक्टोबर २०१३ रोजी ज्यूरीने निकाल दिला. मरे यांना एईजीने नेमले होते का? होय. ज्या कामासाठी नेमले त्यासाठी ते अपात्र वा अक्षम होते का? नाही. दावा तिथेच संपला. मरे नीतीने वागले असा याचा अर्थ नाही, असे ज्यूरीच्या प्रमुखाने नंतर स्पष्ट केले. वेदना की व्यसन, हा प्रश्न ज्यूरीला विचारलेलाच नव्हता. महिनोन्‌महिने ज्यावर साक्षी झाल्या, त्यावर निर्णय कुणीच दिला नाही.

१३. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे काही ओळखीचे वाटेल. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत वादी-प्रतिवादी आपापला करीना सादर करीत. तो करीना आपण टाकून देत नाही आणि जसाच्या तसा स्वीकारतही नाही. तो कुणी, कशासाठी दिला, हे आधी पाहतो. पक्षाच्या गरजेविरुद्ध जाणारा तपशील दिसला, तर त्याचे मोल अधिक धरतो. रो यांच्या साक्षीचे मोल म्हणूनच मोठे : बोलावणाऱ्यांना हवे होते त्याहून त्या अधिक सांगून गेल्या.

१४. या कसोटीवर काय टिकते? १९८४ ची दुखापत, १९९३ ची शस्त्रक्रिया आणि कबुली, शवविच्छेदनात दिसलेला कण्याचा संधिवात. अनेक डॉक्टर आणि त्यांच्यापैकी कुणापुढेही पूर्ण चित्र नसणे. सोडण्याचे प्रयत्न. टिकत नाही ते दोन्ही टोकांचे सोपे वाक्य : ‘तो व्यसनीच होता’ आणि ‘त्याला फसवून मारले’.

१५. हा भेद फक्त एका गायकापुरता नाही. पाठदुखी, संधिवात किंवा कर्करोगाने वर्षानुवर्षे त्रस्त असलेली माणसे आपल्याही घरांत आहेत. ‘गोळ्यांची सवय लागली’ हे वाक्य त्यांच्याविषयी किती सहज उच्चारले जाते! न्यायालयात त्या वाक्याचा उपयोग भरपाई टाळण्यासाठी झाला. घरात तो दुखणे ऐकून न घेण्यासाठी होतो. साक्षी वाचताना म्हणून एक प्रश्न सोबत ठेवावा : हे शब्द वेदनेविषयी आहेत, की वेदनेची जबाबदारी कुणावर टाकायची याविषयी?