मैफलीतला अंधार आणि गवयाचा चेहरा

अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव घेतले की डोळ्यांपुढे काय येते? फेटा, मिशा आणि कॅमेऱ्याकडे लावलेली स्थिर नजर. आणि भीमसेन जोशी म्हटले की? मिटलेले डोळे, हवेत काहीतरी पकडायला गेलेला हात, तानेच्या ओढीने वाकलेली मान. दोघेही किराणा घराण्याचे. सवाई गंधर्व हे पहिल्यांचे शिष्य आणि दुसऱ्यांचे गुरू, म्हणजे मधे पिढी एकच. मग आपल्या आठवणीत एक नुसते बसलेले आणि दुसरे गाताना, असे का?

उत्तर गाण्यात नाही, उजेडात आहे.

फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. आपण मागे नव्हतो. पण तेव्हाच्या काचांना उजेडाची भूक फार. माणसाला कित्येक सेकंद हलायचे नाही अशी ताकीद, मान डुलू नये म्हणून मागून लोखंडी आधार! पुढे काचा सुधारल्या, उन्हात चटकन फोटो निघू लागले, पण आपली मैफल रात्रीची. समया, गॅसबत्त्या, नंतर चार बल्ब. तिथे कॅमेरा आंधळाच. म्हणून गवई स्टुडिओत जायचे आणि रंगवलेल्या पडद्यापुढे बसायचे. बालगंधर्वांचे भूमिकांमधले कितीतरी फोटो असेच पोज देऊन काढलेले आहेत. त्यात शालू दिसतो, गाणे दिसत नाही.

मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडण्याची युक्ती १८८७ ची, आणि फ्लॅशचा बल्ब आला १९२९ च्या सुमारास. पण आलापी रंगात आलेली असताना गवयाच्या डोळ्यांवर लखकन प्रकाश मारणे म्हणजे देवळात फटाका लावण्यासारखे. शिवाय फ्लॅशने चेहरा पांढराफटक होतो, मागचे तंबोरे अंधारात बुडतात. असेल त्या उजेडात, कोणाला न डिवचता फोटो काढायचा हा मार्ग जर्मनीत एरिक सालोमन यांनी दाखवला. १९२८ च्या आसपास ते मोठ्या तोंडाच्या भिंगाचा छोटा एरमानॉक्स कॅमेरा घेऊन कोर्टात, परिषदांत शिरत. (ते ज्यू होते. १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.)

आता एक योगायोग पाहा. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींच्या पुढाकाराने पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. १९५४ मध्ये कोडॅकने ट्राय-एक्स हा वेगवान कृष्णधवल रोल ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी आणला. पुढे या जातीचे रोल ४०० एएसएचे म्हणून ओळखले गेले. एएसए म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची ताकद. गणित साधे आहे. जिथे ४०० च्या रोलला सेकंदाचा साठावा भाग पुरतो, तिथे २५ च्या रोलला सोळा पट, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात भीमसेनजींचा हात कुठून कुठे जाईल! त्या हाताचा नुसता धूर उमटला असता.

अर्थात साठाव्या भागातही चपळ हात पुसट होतोच. इथे फोटोवाल्याला गाणे कळावे लागते. समेवर आल्यावर, किंवा लांबलेल्या षड्जावर, गवई क्षणभर थांबतो. ते थांबणे आधी ओळखायचे आणि तेव्हाच बटण दाबायचे. तेही जपून, कारण कॅमेऱ्यातला आरसा उडतो तो खटका पहिल्या रांगेला ऐकू जातो. पुण्याच्या सतीश पाकणीकरांची सवाईतली प्रकाशचित्रे पाहताना मला नेहमी वाटते, हा माणूस डोळ्यांआधी कानांनी फोटो काढतो. आपल्या पिढीला आपले गवई गाताना आठवतात ते अशा लोकांमुळे.

पूर्वी महोत्सव रात्रभर चाले आणि पहाट मांडवातच होई. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि पुढे रात्री दहाची मर्यादा पडली. झोपेच्या दृष्टीने बरे झाले असेल, पण दिव्यांचा पिवळा उजेड आणि पहाटेचा निळसर उजेड एकाच चेहऱ्यावर पडण्याची ती वेळ गेली.

आता पनवेलच्या फडके नाट्यगृहात गाणे असले की निम्म्या सभागृहाच्या हातात मोबाईल. अंधारात मोबाईल एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. गवई स्थिर असेल तर छान, हलला तर बोटे दोनदोन दिसतात. फोटो भरपूर, पण ते परत कोण पाहतो?

माझी काळजी वेगळीच आहे. मोठ्या गवयांचे फोटो राहतील. पण गावोगावच्या गणेशोत्सवात गाऊन गेलेले, ज्यांची रेकॉर्ड निघाली नाही असे भजनी बुवा, पेटीवाले, तबलजी? त्यांचे गाते चेहरे असतील तर कुणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यात, निगेटिव्हच्या पट्ट्यांवर. आणि आपली कोकणपट्टीची हवा! चार पावसाळ्यांत बुरशी धरते. जुनी फिल्म कुजू लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तुमच्याकडे असा डबा असेल तर येत्या जूनच्या आत उघडा. पट्ट्या प्लॅस्टिकमधून काढून कागदी पाकिटांत घाला, वास येणाऱ्या वेगळ्या ठेवा आणि आधी त्या स्कॅन करून घ्या. पाकिटावर पेन्सिलीने गाव, साल आणि गाणाऱ्याचे नाव लिहा. साथीदारांचेही.