बक्षीचा तलाव आणि गोव्याच्या खाणी

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब नावाचे गाव लागते. ग्रामविकासाचे प्रशिक्षण देणारी उत्तर प्रदेश शासनाची संस्था येथे असल्यामुळे प्रशासनातील मंडळींची या गावी नेहमी ये-जा असते. नवाबी काळातील एका बक्षीने बांधलेल्या तलावावरून गावाला हे नाव मिळाले. बक्षी म्हणजे लष्कराच्या वेतनाचा हिशेब ठेवणारा अधिकारी. त्या दरबाराचा बहुतेक पैसा पगार, नजराणे आणि थाटमाट यांत विरून गेला. तलाव मात्र मागे राहिला.

लखनौभोवतीच्या खेड्यांत वीटभट्ट्या आहेत. शहर वाढते तशी विटांची मागणी वाढते, आणि शेतकरी शेतातील वरच्या थराची माती भट्टीवाल्यास विकतो. त्या वर्षी त्याच्या हाती रोख रक्कम येते व घरातील एखादे अडलेले कार्य पार पडते. पण पुढच्या हंगामात शेत फूटभर खाली गेलेले असते आणि पीकही उतरते. येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. त्या शेतकऱ्याला जे मिळाले ते उत्पन्न होते, की त्याने आपली मालमत्ताच विकली होती? विटांची माती कायद्याने ‘गौण खनिज’ ठरते. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने गौण खनिजांसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. परंतु हा प्रश्न गौण खनिजांपुरता मर्यादित नाही. विकसनशील देशांच्या साऱ्या खाण-अर्थकारणाचा तो मूळ प्रश्न आहे.

‘बक्षी’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. महादजी शिंद्यांच्या फौजेतील जिवबादादा बक्षी पेडण्याकडील केरी गावचे, म्हणून केरकर. त्यांच्या त्या गोमंतकातच या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण सापडते.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या खाणी ‘कन्सेशन’ या पद्धतीने दिल्या गेल्या. हे हक्क मुदतीने बांधलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाला लोहखनिज हवे होते आणि पन्नासच्या दशकात गोव्याची निर्यात झपाट्याने वाढली. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खणलेले खनिज बार्जमधून मांडवी आणि जुवारी या नद्यांवाटे मुरगाव बंदरात जाऊ लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण हे हक्क पूर्वीच्याच धारकांकडे राहिले. संसदेने १९८७ मध्ये कायदा करून ते रद्द केले व मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचे भारतीय कायद्याखालील खाणपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे मानले.

आता मालकाला काय मिळाले ते पाहू. ‘रॉयल्टी’साठी आपल्या शासकीय मराठीत ‘स्वामित्वधन’ हा नेमका शब्द आहे. तो कर नव्हे. स्वामी आपली वस्तू दुसऱ्यास नेऊ देतो, तिचा तो मोबदला आहे. प्रत्यक्षात मात्र शासनाने तो वर्षानुवर्षे एखाद्या किरकोळ करासारखाच आकारला. २००९ पर्यंत लोहखनिजाचे स्वामित्वधन टनामागे ठरावीक रुपयांत होते आणि उत्तम प्रतीच्या खनिजालाही ते तीस रुपयांच्या आतच असे. त्याच दशकात चीनच्या पोलाद कारखान्यांनी जगाचा बाजार तापवला. पूर्वी टाकाऊ म्हणून बाजूला रचलेल्या हलक्या प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळाले आणि चांगल्या प्रतीचा आंतरराष्ट्रीय भाव टनाला शंभर डॉलरांच्या पलीकडे गेला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वामित्वधन विक्रीमूल्याच्या १० टक्के झाले आणि २०१४ मध्ये १५ टक्के. तोवर मोठी लाट येऊन गेली होती. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले.

पुढील घटनाक्रम अनेकांना आठवत असेल. न्या. एम. बी. शाह आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्यात बेकायदा खाणकामामुळे झालेल्या हानीचा अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपये इतका होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सर्व पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे तेजीच्या ऐन वर्षांतील सारे उत्खनन पट्ट्याविना झाले होते, आणि शासनाचे खाते त्या खनिजाचे स्वामित्वधन निमूटपणे जमा करून घेत होते. यानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचे घाईने नूतनीकरण केले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द ठरले आणि मार्चच्या मध्यास खाणी पुन्हा बंद पडल्या.

या बंदीची झळ कोणाला लागली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कर्ज काढून ट्रक घेतलेले गावकरी, बार्जवरील खलाशी, गॅरेजवाले आणि खाणावळ चालवणाऱ्या बायका यांच्या घरी चूल पेटणे कठीण झाले. खाणींमुळे शेती आणि झरे गेले होते, आता खाणीही गेल्या. साठ वर्षे संपत्ती ज्या तालुक्यांतून वाहत गेली, त्यांच्याकडे संकटकाळी उघडता येईल अशी थैली नव्हती. खाणी चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात या वादात ही गोष्ट बहुधा झाकली जाते.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. खनिज विकून आलेली रक्कम शासन महसुली जमेत दाखवते आणि ती पगार, अनुदाने व चालू खर्च यांत खपते. वस्तुतः ती भांडवली जमा आहे. घर विकून आलेल्या पैशांतून रोजचा किराणा भरणाऱ्या गृहस्थाला आपण शहाणा म्हणत नाही; राज्याने तेच केले की त्याला महसूलवाढ म्हणतो. प्रशांत महासागरातील नाऊरू या चिमुकल्या देशाने फॉस्फेट विकून एके काळी मोठी श्रीमंती अनुभवली. पण साठे संपले आणि त्यांच्या बळावर उभारलेले निधीही गैरव्यवस्थापनात गेले. उलट हिऱ्यांवर जगणाऱ्या बोट्स्वानाने १९९४ मध्ये ‘पुला’ निधी उभारून खनिजाचा काही पैसा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवला.

आपल्याकडेही दिशा बदलू लागली आहे. २०१४ च्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीमूल्याचा दहावा हिस्सा गोव्याच्या लोहखनिज स्थायी निधीत टाकण्याचा आदेश दिला. २०१५ च्या दुरुस्तीने पट्ट्यांचा लिलाव बंधनकारक केला आणि खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातील डिचोलीच्या गटासाठी खनिजमूल्याच्या ६३ टक्क्यांहून अधिक बोली लागली, तीही स्वामित्वधनाखेरीज. तयार खाणीला चढा भाव मिळतो, आणि तेजीतील बोली मंदीत पेलेलच असे नाही, हे मान्य. तरीही तीस रुपये आणि ६३ टक्के यांमधील अंतर मालकाने इतकी वर्षे काय गमावले ते सांगते. पुढे २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्वाळा दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे. मराठी शब्दात जे आधीपासून होते, ते कायद्यात यायला इतकी वर्षे लागली.

परंतु चांगला भाव मिळाल्याने काम अर्धेच होते. प्रतिष्ठानाचा पैसा सभागृहे आणि कमानी बांधण्यात गेला, तर शेतकऱ्याच्या मातीचे झाले तेच खनिजाचे होईल. खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावावर सही करणाऱ्याने एवढेच विचारावे : खाण संपल्यावर यातले काय उरेल? पाण्याचे स्रोत, शाळा, दवाखाना, किंवा मुद्दल न मोडता व्याज देणारा निधी, यांपैकी काहीतरी उत्तरात असले पाहिजे.

तलावासाठीही जमीन खणावीच लागते आणि खाणीसाठीही. बक्षीने खणलेल्या जागेत मागच्यांसाठी पाणी साठले. आपण जिल्ह्याजिल्ह्यांत खणत असलेल्या खड्ड्यांत पुढच्यांसाठी काय साठेल, हे आज जमेच्या कोणत्या रकान्यात ती रक्कम लिहिली जाते यावर ठरणार आहे.