सल्ल्याचा जोडधंदा

आमच्या तरुणपणी गुंतवणूक सल्लागार नव्हते, एजंट होते. १९५६ साली २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले. पुढे गावोगावी संध्याकाळी पॉलिसीचे फॉर्म घेऊन फिरणारे नोकरदार दिसत. एजन्सी बहुधा बायकोच्या नावावर! सल्ला फुकट वाटे, पण कमिशन आपल्याच हप्त्यातून जाई. मग तो सल्ला कोणाच्या हिताचा?

सेबीने २०१३ मध्ये सल्लागारांसाठी नियम केले : फी ग्राहकाकडून, कमिशन नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नोकरी सांभाळून अर्धवेळ सल्लागार होण्याची वाट खुली झाली. ग्राहक मात्र जास्तीत जास्त ७५.

आमचा भाचा सध्या त्या परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याला म्हटलं, "फी मागताना लाजू नकोस. फुकटचा सल्ला लोकांना फार महाग पडलाय."

तुम्हाला काय वाटतं?