पीएमसी बँक का बुडाली? एमबीएच्या वर्गातला धडा ठेवीदारांसाठी

23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते.

चुकलं कुठे?
बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे 73 टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे होतं. एमबीएच्या जोखीम व्यवस्थापनात याला ‘केंद्रीकरणाची जोखीम’ म्हणतात. थकीत कर्ज लपवण्यासाठी 21,049 बोगस खाती दाखवल्याचा आरोप आहे.

कोणी रोखायला हवं होतं?
संचालक मंडळ आणि लेखापरीक्षकांनी. कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणजे नेमकं हेच: पैसे देणाऱ्यांना वेळीच प्रश्न विचारणं.

पुढे काय झालं?
फेब्रुवारी 2020 मध्ये ठेव विमा 1 लाखावरून 5 लाख रुपये झाला. जानेवारी 2022 मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी मात्र 10 वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने मिळणार आहेत.

तुम्ही काय कराल?
विठ्ठलवाडी असो वा डोंबिवली, सहकारी बँकेत एफडी करण्याआधी वार्षिक अहवालातला एनपीए बघा. विम्याच्या 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतं, हेही लक्षात ठेवा.