खडकांतील उभी झाडे आणि जलप्रलय

लातूर-नांदेडकडील शेतकऱ्याला जमिनीच्या पोटाचे ज्ञान विहिरीने दिले आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा आणि पुन्हा पाषाण. हे थर केव्हा रचले गेले, हा प्रश्न पवित्र शास्त्र वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही टाळता येत नाही. कारण दगड झालेली उभी झाडे हा नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा आहे, असे आपल्या तरुणांना काही प्रचारक सांगत असतात. एकच खोड अनेक थर भेदून उभे आहे. थर साचण्यास लक्षावधी वर्षे लागली असती तर खोड कुजले असते. म्हणून सारे थर एकाच प्रलयात साचले, असा तो युक्तिवाद.

थरांचे शास्त्र ज्याने घडविले तो पुढे आपलाच एक बिशप झाला, हे येथे सांगितले पाहिजे. कोपनहेगन येथे 1638 साली जन्मलेल्या नील्स स्टेन्सन यांनी 1667 मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम त्यांनी 1669 मध्ये मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1988 साली त्यांना धन्य घोषित केले.

उभ्या झाडांचे विख्यात स्थळ म्हणजे कॅनडातील जॉगिन्सचा समुद्रकडा. सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वी तेथे खचत जाणारा दलदलीचा प्रदेश होता. पुराने वाळू-गाळ आणून वृक्षांचे बुंधे गाडले. झाड मेले, आतला भाग कुजला, पोकळीत वाळू भरली आणि तिचा दगड झाला. अशा खोडात चार्ल्स लायल व विल्यम डॉसन यांना 1852 साली प्राण्यांची हाडे सापडली. म्हणजे एका खोडाभोवतीचे थर झपाट्याने साचले, हे खरेच. परंतु त्या कड्यात अशी अरण्ये एकावर एक अनेक पातळ्यांवर आहेत आणि मुळे त्या त्या मातीत रुजलेली आहेत. अरण्य वाढले, गाडले गेले. त्यावर नवे अरण्य वाढले. एकाच प्रलयात हे कसे घडावे? काळ दडला आहे तो एका पुराच्या थरांत नव्हे, तर दोन अरण्यांच्या मधल्या अवधीत.

प्रत्येक उभे खोड जागचेच असते असेही नाही. अमेरिकेत सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा 1980 साली स्फोट झाला, तेव्हा जवळच्या सरोवरात वाहून आलेले काही ओंडके मुळांकडील जड बाजू खाली करून उभे तरंगले व बुडाले. म्हणून अभ्यासक आधी मुळे तपासतात.

आपल्याकडे थर आहेत ते मुख्यतः लाव्हाचे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. लाव्हाच्या दोन लोटांमधील तांबडा पट्टा म्हणजे पुष्कळदा मधल्या काळात झिजून झालेली माती होय. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या थरांमधील गाळात वनस्पतींचे व शिंपल्यांचे अवशेष मिळाले. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने ते गेल्याच्या आधीच्या शतकात जगापुढे आणले. दोन अग्निलोटांच्या मध्ये तेथे तळी भरली होती, जीव नांदत होते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीस खोल वेध घेतला, तेव्हा सुमारे 338 मीटर लाव्हा, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. तसाच प्राचीन खडक देगलूर-बिलोलीकडे उघड्यावर दिसतो.

त्या भूकंपात हजारो जीव गेले. अशा वेळी ‘ही देवाची शिक्षा’ असे म्हणणारे भेटतातच. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभू येशूचे उत्तर लूककृत शुभवर्तमानात आहे. खडकातून शिक्षेचा निवाडा वाचणे आणि उत्पत्तीच्या पुस्तकातून थरांची मोजणी करणे, दोन्ही एकाच चुकीची रूपे होत. पोप तेरावे लिओ यांनी 1893 च्या परिपत्रकात स्पष्ट केले, की पवित्र लेखकांचा हेतू निसर्गाची अंतर्रचना शिकविण्याचा नव्हता.

नोहाच्या कथेचा गाभा मानवाचे पाप व देवाचा करार हा आहे. त्याला दगडी खोडाचा टेकू लागत नाही. टेकूवर उभी केलेली श्रद्धा तरुण मुलगा महाविद्यालयात जाताच ढासळते. तिचा दोष मग भूगर्भशास्त्राला देऊ नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न आला, तर आईवडिलांनी व शिक्षकांनी तो निर्भयपणे ऐकावा, एवढीच आमची विनंती.