उघाडीचं दार चेन्नईच्या चेंबरमध्ये

वेलाचेरीतल्या एका इमारतीच्या आवारात प्लंबरने चेंबरचं झाकण उचललं आणि पाइपाच्या तोंडाशी वरच्या बिजागरीवर लोंबणारी झडप बोटाने हलवून दाखवली. इमारतीतून पाणी आलं की ती उघडते, रस्त्याकडून आलं की तोंडावर घट्ट बसते. चेन्नईत तिला ‘एनआरव्ही’ (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात, आपल्याकडेही तेच. पण हे दार मी आधी भातशेताच्या कडेला पाहिलेलं होतं. पेण-अलिबागकडच्या खारबांधांत त्याला उघाडी म्हणतात, गोव्याच्या खाजणात मानस. भरतीचं खारं पाणी लोटलं की दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की शेतात साचलेलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. पुरात घरात मैलापाणी उलटं येऊ न देणारी झडप याच घराण्यातली आहे, असं माझं ठाम मत आहे. पाइपफिटिंगच्या धंद्यात तिचं कूळ वेगळं सांगतात, म्हणून हा खटाटोप.

आधी चेन्नईची अडचण. शहर सपाट आहे. मैलापाणी उताराने फार दूर जात नाही. ते जागोजागच्या पंपिंग स्टेशनांतून उचलून कोडुंगैयूर, कोयंबेडू, नेसपाक्कम, पेरुंगुडी इथल्या शुद्धीकरण केंद्रांकडे ढकलावं लागतं. अतिवृष्टीत वीज गेली किंवा पंपिंग स्टेशनच पाण्यात गेलं की वाहिन्या तुंबतात. त्यातच रस्त्यावरचं पाणी ओसरावं म्हणून लोक मॅनहोलची झाकणं उघडतात आणि सगळा पूर मैलावाहिनीत शिरतो. डिसेंबर २०१५च्या पहिल्या दोन दिवसांत हेच झालं. तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस पडला, चेंबरमबाक्कम तलावातून सरकारी आकड्यानुसार सेकंदाला २९,००० घनफुटांपर्यंत पाणी सोडलं गेलं, आणि अडयार नदी सैदापेट, कोट्टूरपुरममधल्या घरांत घुसली. २०२३च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाने वेलाचेरी-पल्लीकरणै भागाला पुन्हा तोच अनुभव दिला.

अशा वेळी पाणी दारातून येण्याआधी न्हाणीघरातून येतं. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या काठापर्यंत वाहिनी भरली की त्या पातळीच्या खाली असलेलं घरातलं प्रत्येक तोंड वाहू लागतं: आधी मोरीची जाळी, मग संडासाचं भांडं. जाळीखालच्या ट्रॅपला देशभरच्या प्लंबिंगमध्ये ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि पुष्कळांना वाटतं की तो पाणी अडवेल. तो अडवत नाही. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली वाकड्या नळीत पाणी अडकवून ठेवण्याचं पेटंट घेतलं ते दुर्गंधी रोखायला. उलट्या दाबापुढे ते ओंजळभर पाणी काय करणार?

आता कुळाकडे. पाइपफिटिंगचा धंदा, आणि तंत्राच्या इतिहासाची बहुतेक पुस्तकंही, एका दिशेने वाहू देणाऱ्या झडपेचा वंश पंपापासून मोजतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तेसिबियोसने अशा झडपा असलेला दोन नळकांड्यांचा दाबपंप बनवला. त्याचं वर्णन पुढे रोमन वास्तुकार विट्रुवियसने लिहून ठेवलं. त्याच शतकात एरासिस्ट्राटोस या वैद्याने हृदयातल्या झडपांचं काम ओळखलं होतं. १६०३मध्ये पादुआचे फाब्रिसियस यांनी शिरांमधल्या पडद्यांवर ग्रंथ लिहिला आणि त्यांना ‘छोटी दारं’ असं नाव दिलं. ती दारं रक्ताचा वेग कमी करतात असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे शिकलेल्या विल्यम हार्वे यांनी १६२८मध्ये रक्ताभिसरण मांडलं, आणि त्या कल्पनेची सुरुवात शिरांतल्या या दारांच्या दिशेवरून झाली असं ते म्हणाल्याची नोंद रॉबर्ट बॉइल यांनी केली आहे. पुढे वाफेचे पंप, वॉटरवर्क्स, बोअरवेल. दुकानात एनआरव्ही मागितली तर पंपाचीच झडप पुढे येते, हा या पक्षाचा सगळ्यात जोरकस पुरावा, आणि तो मी नाकारत नाही. नाव पंपाकडून आलं हे मान्यच.

पण वस्तू हातात घेऊन पाहा. पंपाच्या झडपेवर मोठा दाब असतो आणि तिच्यातून स्वच्छ पाणी जातं, म्हणून ती जड किंवा स्प्रिंगची असली तरी चालतं. मैलावाहिनीत दाब असतो दोन-चार बोटं खोल पाण्याचा, आणि त्या पाण्यासोबत घाण, केस, चिंध्या जायच्या असतात. इथे झडप हलकी हवी, वाट पूर्ण मोकळी हवी, आणि एरवी ती जवळजवळ उघडीच राहायला हवी. स्प्रिंगची झडप मैलावाहिनीत बसवली तर पुराची वाट न पाहता तीच वाहिनी तुंबवते. पाण्याच्या नुसत्या वजनावर चालणारं, कचरा जाऊ देणारं, फक्त बाहेरची पातळी चढली तरच मिटणारं दार ही गरज पंपवाल्यांना कधी पडलीच नव्हती. ती पडली होती किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना.

आणि फार पूर्वी पडली होती. नेदरलँड्समध्ये व्लार्डिंगेन इथल्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, पोखरलेल्या झाडांच्या खोडांचे नळ बांधाखाली सापडले, आणि त्यांना लाकडी झडपा होत्या. आपल्या बाजूला गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याला मिळालेल्या, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजण जमिनीचं दान आहे; तो सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. मी त्यावरून पुढचं अनुमान काढतो: खाजण होतं म्हणजे बांध होता, आणि कोकणातल्या पावसात बांधाला बाहेर जाणारी वाट नसेल तर पहिल्याच श्रावणात भात कुजेल. तेव्हा बांधाइतकंच दारही जुनं असणार. डचांकडून पोर्तुगीजांनी ही युक्ती आणली असं म्हणणारे भेटतात. पण पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्या, म्हणजे गावांच्या सामुदायिक संस्था, खाजणं सांभाळत होत्या. दोन किनाऱ्यांना एकाच गरजेतून एकच दार सुचलं, हेच मला पटतं.

शेताचं हे दार गटारात शिरलं ते बंदरांच्या शहरांत. टेम्सच्या भरतीत लंडनच्या जुन्या गटारांची तोंडं बुडत, पाणी आत तुंबे आणि सखल वस्त्यांच्या तळघरांत मैला चढे. १८५८ साली टेम्सच्या दुर्गंधीने शहर हैराण झाल्यावर अभियंते जोसेफ बझलजेट यांनी नदीकाठाने नव्या वाहिन्या घातल्या, आणि पुराचं जादा पाणी नदीत सोडणाऱ्या तोंडांवर भरतीला मिटणाऱ्या झडपा बसवल्या. तीच शाळा हिंदुस्थानात आली. १८६०च्या दशकात मद्रासच्या सांडपाण्याचा आराखडा करणारे कॅप्टन हेक्टर टुलॉक पुढे मुंबई महापालिकेचे कार्यकारी अभियंता झाले. त्या मुंबईचा मुख्य नाला वरळीला लव्हग्रोव्हच्या दारांतून समुद्रात जाई, तोही ओहोटी पाहूनच. मद्रास, मुंबई आणि भरतीचं दार, तिन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होती, यापेक्षा चांगला साक्षीदार मला मिळाला नाही. शहराच्या तोंडावरचं दार आधी मोठ्या नाल्यावर आलं, मग गल्लीतल्या वाहिनीवर, आणि शेवटी एकेका घराच्या चेंबरमध्ये. युरोपात यासाठी ईएन १३५६४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यात घरगुती झडपांचे प्रकार ठरवले आहेत, मैल्यासाठी विजेवर मिटणाऱ्या झडपेसकट.

कूळ शोधण्याचा खरा उपयोग मात्र पुढे आहे. खाजणात दार एकटं कधीच नसतं. बांधाच्या आत, मानसाला लागून, पोंय असते: खोलगट जागा, आतली खाडीच म्हणा. दार मिटलेलं असताना पडलेला पाऊस तिथे थांबतो आणि ओहोटीला बाहेर जातो. कोकणातही उघाडीच्या आत पाणी थांबायला जागा लागते, हे खारबांधावरचा कोणीही शेतकरी सांगेल. शहराने दार उचललं, पोंय मागे सोडली.

त्यामुळे चेन्नईत काय होतं ते पाहा. चेंबरमधली झडप पुराने मिटली, रस्त्यावरचा मैला बाहेर राहिला. पण वरच्या तीन मजल्यांवर लोक नळ सोडतात, फ्लश ओढतात. ते पाणी मिटलेल्या दाराशी येऊन थांबतं, आत जागा नसते, आणि तळमजल्याच्या मोरीतून बाहेर पडतं. झडप चालते आहे आणि तरीही घरात मैला येतो. लोक मग झडपेला दोष देतात आणि पुढच्या वर्षी तिच्यात अडकलेली चिंधीही काढत नाहीत. उघाडीच्या दारात फांदी अडकली तर शेत खारं होतं, म्हणून पावसाआधी दार साफ करणं हे गावाचं ठरलेलं काम असे. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. चेंबर सप्टेंबरात उघडून झडप हाताने हलवून पाहायला हवी.

पोंयेची जागा भरून काढायचे दोन मार्ग आहेत. एक, सगळ्या इमारतीच्या तोंडावर झडप न लावता फक्त तळमजल्याच्या शाखेवर लावायची आणि वरच्या मजल्यांची वाहिनी झडपेच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला जोडायची. वरच्यांचं पाणी मग खालच्यांच्या घरात येऊच शकत नाही. दोन, तळमजल्याचं मैलापाणी बंदिस्त टाकीत घेऊन पंपाने रस्त्याच्या पातळीच्या वर उचलायचं आणि तिथून खाली सोडायचं. दुसरा मार्ग खर्चाचा आहे, आणि पुरात वीज गेली तर जनरेटरवाचून अडतो. पहिला स्वस्त आहे, पण इमारत बांधतानाच पाइपांची आखणी तशी करावी लागते.

आणि तो कोणासाठी करायचा हेही स्पष्ट आहे. नव्या चेन्नईत खाली पार्किंग सोडून बांधलेल्या इमारतींत तळमजल्यावर बहुधा एकच संडास असतो, वॉचमन आणि ड्रायव्हर यांच्यासाठी. सोसायटीच्या बैठकीत त्या एका शाखेच्या झडपेचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो, कारण वरच्या कोणाच्याही घरात त्याने काही फरक पडत नाही. पुरात मात्र रस्त्याचा मैला आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी त्याच खोलीत येतं.