खातं बंद, कारण गुलदस्त्यात

रात्री साडेअकराला आम्ही चौघं जमायचो. शाळा संपली आणि चौघं चार गावांना पांगलो. भेट व्हायची ती फक्त गेममध्ये. एका रात्री स्क्रीनवर ओळ आली : नियमभंगामुळे तुमचं खातं निलंबित. कोणता नियम, कधी मोडला, काहीच नाही. ग्रुपवर सांगितलं तर जुन्या मित्राने विचारलं, "खरं सांग, हॅक लावला होतास ना?" खातं गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

मग या शिक्षेचा इतिहास शोधत बसलो.

१९९० साली पावेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' हे निव्वळ अक्षरांचं ऑनलाइन जग सुरू केलं. तिथे एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. सभासद जमले, खूप वाद झाला, एकमत झालं नाही. शेवटी एका चालकाने स्वतःच्याच अधिकारात ते खातं पुसून टाकलं. हा प्रसंग ज्युलियन डिबेल या पत्रकाराने १९९३ साली लिहिला. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. शिक्षा योग्य असली तरी ती कुणी आणि कशी द्यायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

२००२ साली वाल्व्ह कंपनीने चीटिंग पकडणारी 'व्हॅक' ही यंत्रणा आणली. बंदी कायमची, आणि ती प्रोफाइलवर सगळ्यांना दिसणार. जुलै २०१० मध्ये याच यंत्रणेने 'मॉडर्न वॉरफेअर २'च्या सुमारे १२,००० खेळाडूंना चुकून चोर ठरवलं. कारण साधं होतं : अपडेट चालू असताना डिस्कवरची फाइल आणि मेमरीतली फाइल जुळली नाही. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी चूक कबूल केली, माफी मागितली, बंदी उठवली आणि प्रत्येकाला 'लेफ्ट ४ डेड २'च्या दोन प्रती दिल्या : एक स्वतःला, एक मित्राला.

आता कायदाही बोलू लागलाय. युरोपात फेब्रुवारी २०२४पासून वापरकर्त्यांचा मजकूर ठेवणाऱ्या सेवांना खातं बंद करताना कारण द्यावं लागतं. भारतात २०२१च्या आयटी नियमांनी अशा मध्यस्थ सेवांना तक्रार अधिकारी नेमायला लावला : २०२१च्या मूळ नियमात तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायचा होता. त्यावर दाद मागायला २०२३मध्ये सरकारी अपील समित्याही आल्या.

माझं पहिलं अपील म्हणजे नुसता संताप होता. उत्तर आलं नाही. दुसऱ्यात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि आदल्या दिवशी टाकलेल्या स्क्रीन रेकॉर्डर ॲपचं नाव लिहिलं; नेमकं कारण विचारलं. नवव्या दिवशी मेल आली : खातं पूर्ववत केलं आहे.

कारण त्यातही नव्हतं. ती मेल मी ग्रुपवर टाकली. मित्राने अंगठा दाखवला आणि लिहिलं, "ये मग, साडेअकरा."